माझा देवमासा आणि काकूंच्या बांगड्या

घरमालकीण काकूंनी हात घातला म्हणून माझा मासा बोलला. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे मी त्यांच्यावर जळल्याचंच जास्त येईल.

नववीत शाळा सुटली आणि साताऱ्याकडून इतक्या लांब इंदूरला आले. राजवाड्यामागच्या दुकानात ब्लाउज शिवते, काकूंच्या वरच्या खोलीत राहते. त्यांचा पुतण्या इथेच इंदूरच्या विजयनगर भागात कंप्यूटरवर काम करतो. रविवारी येतो आणि कोणी नावही न ऐकलेले सिनेमे लावतो. एकात साड्यांचा समुद्र होता, त्यातून कापडाचा देवमासा वर यायचा. सगळे हसले. मला मात्र त्याच्या पोटावरचे टाके दिसले. वेडेवाकडे, घाईघाईचे. असले टाके घालणाऱ्याला कोणीतरी समुद्र करू दिला! माझी शिलाई जरा वाकडी गेली की उसवावी लागते. इतकी जळले की पुढ्यातले पोहे गार झाले.

मग पुतण्यानं गच्चीवर तसाच छोटा सिनेमा काढायचं ठरवलं, गणपतीत मंडळात दाखवायला. त्यात बोलणारा देवमासा होता. तो मी मागून घेतला. अस्तराच्या कापडाचा शिवला, एक टाका दिसेल तर शपथ. पण शूटिंगला दोरी ओढली तर जबडा हलेना. सवयीनं मी मासाही ब्लाउजसारखा फिटिंगचा शिवला होता. तोंड उघडायला जागाच नाही.

"भिया, इसका तो उपवास है," पुतण्याचा मित्र इंदुरी थाटात त्याला म्हणाला.

"राहू दे ना, मासा कंप्यूटरवर करून टाकतो," पुतण्या म्हणाला.

मासाच गेला तर सिनेमात माझं काय उरणार?

"गप रे! तिचाच मासा राहील," काकू म्हणाल्या. त्यांनी कात्रीनं जबड्याची शिवण कापली, मागून कोपरापर्यंत हात घातला आणि माशाला आ करायला लावलं.

मंडळात पडद्यावर मासा बोलायला लागला तशा त्याच्या तोंडात काकूंच्या हिरव्या बांगड्या दिसल्या. टाळ्या पडल्या त्या बांगड्यांना. "काकूजी, एक बार और!" पोरं ओरडत होती. काकू माझ्याकडे बोट दाखवत राहिल्या, "अरे, शिवला हिनं!" पण बघतंय कोण? माझा एवढा सफाईदार टाका, आणि कोणी चकार शब्द काढला नाही.

काकू, कधीतरी मी माझा सिनेमा काढीन. त्यातला मासा ढिला शिवीन, तुमच्या हाताला जागा ठेवून, आणि तुमचं नाव माझ्या आधी लावीन. तेव्हाही थोडी जळेनच.