मी ज्या गावात खून घडवला

या गावाचं नाव मी लिहिणार नाही. एकदा पुस्तकात लिहून बसलो, तेवढं पुरे झालं. साकोलीहून सानगडीच्या रस्त्याला लागलं की थोडं आत आहे, एवढंच सांगतो. माणसांची नावंही बदलली आहेत. ही अक्कल मला आधी सुचली असती तर या प्रवासाला निघावंच लागलं नसतं.

मी खुनाच्या कादंबऱ्या लिहितो. साहेबाच्या राज्यातल्या. टांगे, कंदील, टोपीवाला पोलीस अधिकारी आणि पहिल्याच प्रकरणात प्रेत. पोस्टातली नोकरी संपल्यावर हा उद्योग सुरू केला. पुण्यातल्या वाचनालयांत माझी पुस्तकं बऱ्यापैकी मळतात आणि पुस्तक मळणं हाच आमचा सत्कार. त्यातलं सगळ्यात मळलेलं पुस्तक या गावावरचं. पोस्टातला माझा एक सहकारी इकडचा होता. डबा खाताना त्याने सांगितलं होतं, की त्याच्या मामाच्या गावी जुन्या काळी मालगुजार (गावाचा सारा वसूल करणारा जमीनदार) एका सकाळी तलावात मेलेला सापडला आणि तो कसा मेला ते कधी कळलं नाही. एवढंच. बाकीचं सगळं मी केलं.

खुनी ठरवायची आमची रीत सोपी असते. वाचकाचा ज्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास, तो खुनी. म्हणून मी तलावाचं पाणी वाटणारा माणूस निवडला. त्याला इकडे पानकर म्हणतात. सहकाऱ्याने त्या काळच्या पानकराचं नावही सांगितलं होतं. ते इतकं ठसठशीत होतं की बदलायला मन होईना. वर पहिल्या पानावर ‘सत्य घटनेवर आधारित’ असं छापलं. प्रकाशक म्हणाले, बरं दिसतं. मलाही बरं दिसलं.

या भाद्रपदात प्रकाशकांच्या पत्त्यावर एक पत्र आलं. अक्षर मुलीचं होतं. ‘आपण ज्यांना खुनी दाखवले ते माझ्या आजोबांचे आजोबा. आपण एकदा येऊन गावाला खरे काय ते सांगावे. आजोबा नीट जेवत नाहीत.’ खाली वैशाली असं नाव होतं. मी आठ दिवस ते पत्र टेबलावर इकडून तिकडे सरकवलं आणि मग येतो म्हणून कळवून नागपूरचं तिकीट काढलं.

नागपूरहून एसटीने भंडारा मागे टाकलं तशी दोन्ही बाजूंना धानाची शेतं सुरू झाली. आश्विन लागला होता, धान गर्भात होतं, लोंब्या अजून बाहेर यायच्या होत्या. मध्येच तलाव, पुन्हा धान, पुन्हा तलाव. या मुलखावर मी अडीचशे पानं लिहिली होती आणि पाहत मात्र पहिल्यांदाच होतो. माझ्या पुस्तकातला तलाव पुण्याच्या सारसबागेतल्या तळ्याएवढाच होता, हे खिडकीतून बघताना लक्षात आलं आणि कानशिलं गरम झाली.

साकोलीच्या स्टँडसमोर तर्रीपोहे खाल्ले. पहिल्याच घासाला ठसका लागला. टपरीवाल्याने पाण्याचा ग्लास पुढे केला.

“कुठं जाऊन राहिले?”

मी गावाचं नाव सांगितलं.

“खुनाच्या गावाले? आमी नाटक पायलं ना त्याचं. मंडईत झालं होतं मागच्या साली.”

मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. मंडई असली की रात्री नाटक असतंच. झाडीपट्टीत नाटकाशिवाय मंडई झाली तर पाहुणे परत जातील. माझ्या कादंबरीचं कुणी नाटक केलं हे मला ठाऊकच नव्हतं.

“कसं होतं?” मी विचारलं.

“लय बेस. त्या पानकरानं खुटा उचलला तवा बाया रडत होत्या.”

मला आनंद झाला. लपवून काय करू? त्या क्षणी मला आनंदच झाला. पोह्यांचे पैसे देऊन मी ऐटीत ऑटोत बसलो.

फाट्यावर वैशाली स्कूटी घेऊन उभी होती. साकोलीच्या कॉलेजात शिकते. नमस्कार केला, माझी पिशवी पुढे घेतली आणि मला मागे बसवून घरी नेलं.

तिच्या आजोबांना मी इथे इस्तारी म्हणतो. तेही पानकरच, पंच्याहत्तरीच्या आसपासचे, काटक, खांद्यावर दुपट्टा. मला वाटलं होतं, चिडतील. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं. जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि तलावातल्या मासोळीचा रस्सा. वैशालीने वरून सांबार (कोथिंबीर) टाकला. पाहुणा बसला म्हणून इस्तारीही बसले. चार घास खाल्ले आणि हात थांबवला.

“नाटक झालं अन मले पाण्यावरून काढलं,” ते म्हणाले. “कोनी भांडलं नाही, कोनी शिवी देली नाही. फक्त म्हनले, बाबाजी, यंदा तुमी आराम करा.”

मी म्हणालो, तेवढ्या एका नाटकावरून?

“नाटकावरून नाही. खुटा सापडला ना.”

आता हा खुटा काय ते सांगायला हवं. तलावाच्या पारीत (बांधात) शेताकडे पाणी सोडायचं तोंड असतं, त्याला तुडूम म्हणतात. आता तिथे लोखंडी चाकाचं दार आहे. पूर्वी त्या तोंडात हातभर लांबीचा लाकडी खुटा ठोकलेला असायचा आणि तो काढायचा अधिकार एकट्या पानकराचा. माझ्या पुस्तकात पानकर याच खुट्याने मालगुजाराचं डोकं फोडतो आणि तो पारीवरच्या चिंचेखाली पुरतो. पारीवर झाड असणारच, चिंचेचं असेल, असा आपला माझा अंदाज होता. नाटकानंतर गावातल्या चार जणांनी चिंचेखाली खणलं आणि खुटा निघाला. ग्रामपंचायतीच्या कपाटात लाल कापडात बांधून ठेवला आहे.

मी इतकी वर्षं पुरावे रचत आलो. रचलेला पुरावा जमिनीतून निघाल्याचं मी ऐकलं नव्हतं.

“निंगनच ना,” इस्तारी म्हणाले. “जुना खुटा फेकत नाही आमी. त्यानं पानी राखलं असते. नवा ठोकला का जुना पारीतच पुरतो, झाडाखाली, नारळ फोडून. लोखंडाचं दार आलं अन ते सारं बंद पडलं. ज्यायले मालूम होतं ते म्हातारे मरून गेले.”

जेवणानंतर ते मला तलावावर घेऊन गेले. एवढं पाणी, पलीकडे जंगलाची निळी रेघ, मध्ये पांढरे बगळे. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी पानभर वर्णन लिहिलं असतं. इस्तारी तलावाकडे बघतच नव्हते, ते खालच्या बांध्यांकडे (धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यांकडे) बघत होते. वरच्या बांध्यांत पाणी चमकत होतं, पार टोकाच्या बांध्यांत मातीला भेगा होत्या.

“पानी शेवटून द्या लागते. आधी टोकाले, मंग वर. नवा पोरगा जो वरडते त्याले देते. टोकाचे लोक गरीब, ते वरडत नाहीत.”

“तुम्ही त्याला सांगितलं नाही?”

“मी सांगतो तं म्हनतेत, याच्या आज्यानं मानूस मारला, हा कायले शिकवते.”

बोलता बोलता आम्ही तुडूमाजवळ आलो. तिथे पारीला दगडी पायऱ्या आहेत, शेवाळलेल्या. मी वाकून पाहायला गेलो आणि माझा पाय सटकला. इस्तारींनी दंड धरला नसता तर मी सरळ पाण्यात गेलो असतो. एक चप्पल गेलीच. ती तरंगत लांब जाताना आम्ही दोघं बघत होतो.

“इथंच,” ते म्हणाले. “मालगुजारबी इथंच घसरला. भर पावसात पानी पाहाले आला होता. आजानं उडी मारून काहाडला, पन जीव गेला होता. मी लहान होतो तवा आजा सांगे. सांगता सांगता रडे, का मले अजून थोडा लवकर काहून नाही सापडला.”

मी पायरीवर बसून राहिलो. खून झालाच नव्हता. एक माणूस घसरला होता आणि दुसऱ्याने त्याला वाचवायला उडी मारली होती. त्या उडी मारणाऱ्याला मी फासावर चढवलं होतं, शेवटच्या प्रकरणात, पहाटेच्या वेळी, फार सुंदर भाषेत. मला स्वतःची इतकी किळस कधीच आली नव्हती.

पण लाज वाटत असतानाच डोक्यात आमचा तो पोलीस अधिकारी जागा झाला. मी विचारलं, “आणखी कुठला खुटा कुठे पुरलाय, तुम्हाला ठाऊक आहे?”

“माह्या बापानं पुरलेला मी डोयानं पायला. तिकडच्या टोकाले, आंब्याखाली.”

मला वाटलं, सुटलो. दुसरा खुटा निघाला की रीत सिद्ध होते. रीत सिद्ध झाली की पहिल्या खुट्याचा पुरावा कोसळतो. माझ्या कादंबरीत हे प्रकरण बारा पानांचं झालं असतं.

चार वाजता ग्रामपंचायतीच्या अंगणात माणसं जमली. मी तोंड उघडायच्या आधीच सरपंचबाईंनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. “साहेबानं आपल्या गावाचं नाव पुण्यालोक (पुण्यापर्यंत) नेलं,” त्या म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. इस्तारी मागे भिंतीला टेकून बसले होते, तेही टाळ्या वाजवत होते. पाहुण्याचा मान म्हणून.

ती शाल अंगावर घेऊनच मी सांगितलं, की पुस्तक खोटं आहे. खून मी रचला, खुनी मी ठरवला, खुटाही माझ्याच डोक्यातून निघाला. पानकर निर्दोष होता.

मग मागून एक जण अगदी अदबीने म्हणाला, “तुमच्या डोक्यातून निंगाला, तं साहेब, चिचेखाली कसा काय सापडला?”

दुसरा म्हणाला, “साहेबाले बाबाजीची दया आली. साजरा मानूस हाय.”

मी मग खुटे पुरायची रीत समजावली. म्हणालो, चला माझ्याबरोबर. आंब्याखालीही एक खुटा आहे. तो निघाला तर माझं मानाल?

सगळे निघाले. फावडी आली. इस्तारींनी जागा दाखवली. कमरेइतकं खणल्यावर काळं पडलेलं, चिखलाने माखलेलं लाकूड वर आलं. मी सगळ्यांकडे वळलो, एका पायात वैशालीच्या वडिलांची चप्पल, दुसऱ्यात माझी, आणि छाती पुढे काढून उभा राहिलो. माझ्या पुस्तकात या जागी गर्दीतून सुस्कारा निघतो.

एक बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, “माय वं. मंग यानं कोनाले मारला असन?”

कुणी हसलं नाही. इस्तारी पुढे झाले, खुटा उचलला आणि दुपट्ट्याने पुसला. “हा माह्या बापाचा हाय,” ते म्हणाले. ते ऐकून तीन-चार माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. तोवर आज्यापर्यंतच असलेलं बालंट आता बापापर्यंत आलं. आणि ते मी आणलं, गाडीचं तिकीट काढून, मदत करायला येऊन.

त्या संध्याकाळी इस्तारी पानावर बसले नाहीत. वैशालीने मला वाढलं. मी म्हणालो, चुकलं माझं. ती म्हणाली, “मीच बोलावलं तुम्हाला,” आणि आत गेली.

सकाळी इस्तारी फाट्यापर्यंत आले. तो खुटा त्यांनी पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून आणला होता.

“तुमी घेऊन जा. इथं राहिला तं यालेबी कपाटात ठेवतीन.”

मी घेतला. ऑटो येईपर्यंत आम्ही उभे होतो. मग त्यांनी विचारलं, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, “वैशूनं मले तुमचं पुस्तक वाचून दाखवलं. त्यात तो पोलीसवाला साऱ्यायले एका जागी बसवते, खरं काय ते सांगते, अन सारे मानतेत. असं कुठं पायलं तुमी?”

मी म्हणालो, कुठेच नाही.

त्यांनी मान हलवली. ऑटो आला.

घरी येऊन मी प्रकाशकांना फोन केला. ‘सत्य घटनेवर आधारित’ हे शब्द काढायला ते लगेच तयार झाले, पुढच्या आवृत्तीत. गेलेल्या प्रती गेल्या. त्या गावातली प्रत तर पानं सुटेपर्यंत वाचलेली आहे. नवं पुस्तक मी अर्धवट टाकलं. त्यात एक टांगेवाला होता, सगळ्यांच्या विश्वासातला. त्याचं पुढे काय करायचं ते मला नेमकं माहीत होतं, म्हणूनच हात चालेना.

खुटा माझ्या कपाटावर आहे. पावसाळी हवेत त्याला अजून चिखलाचा वास येतो. परवा शेजारचे देशपांडेकाका आले. माझं प्रत्येक पुस्तक वाचणारा माणूस. हे काय म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. पत्र, शेवाळलेली पायरी, म्हाताऱ्याच्या आज्याने मारलेली उडी, शाल, आंब्याखालचा खड्डा. काकांनी चहा गार होऊ दिला. त्यांचे डोळे भरून आले होते. मला बरं वाटलं, की एका तरी माणसाने ऐकलं.

जाताना दारात चपला घालता घालता ते थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “पण मग मालगुजाराला मारलं कुणी?”