टाचणीने निवडलेलं कॉलेज

सोफादुरुस्तीच्या त्या दुकानात पाऊल टाकलं की आधी शिंक यायची. जुना फोम उकलला की पिवळी भुकटी उडते, आणि टाचणीच्या बाबांनी आयुष्यभर इतके सोफे उकलले होते की भिंतींचा मूळ रंग कोणता हे आता त्यांनाही सांगता आलं नसतं. दुकानाच्या मागच्या अंगाला पडदा, पडद्यामागे आईचं शिलाई मशीन, मशीनला खेटून वर जाणारा जिना आणि वर दोन खोल्या. दुकान आणि घर यांच्यामध्ये तेवढा एक पडदाच काय तो होता.

टाचणी हे अर्थातच शाळेतलं नाव नव्हे. लहानपणी ती अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार होती. कुणी कौतुकाने गाल ओढायला आलं, तर ते बोट सांभाळूनच परत जायचं. आईने एकदा वैतागून तिला टाचणी म्हटलं आणि ते नाव तिला चिकटलं.

बाबा कामाला बसले की मूठभर बारीक खिळे तोंडात धरत. जिभेने एकेक खिळा ओठांशी आणायचा, चुंबकी हातोडीच्या टोकाने तो टिपायचा आणि ठोकायचा. एक हात कापड ताणून धरायला मोकळा राहतो म्हणून पुष्कळ कारागीर असं करतात. पण त्यामुळे या घरातले सगळे मोठे निर्णय बाबांच्या मुक्या मानेवर झाले होते. आई बोलायची, बाबा मान हलवायचे. मान हलली नाही तर आई म्हणायची, "ते खिळे काढा आणि काय ते बोला." तेवढ्यासाठी बाबा खिळे काढत नसत.

या दुकानातच टाचणीला तिचा प्रश्न सापडला होता. एकाच दिवशी विकत घेतलेल्या दोन खुर्च्या एकदा दुरुस्तीला आल्या. एकीचा फोम भुकटी झालेला, दुसरीचा दाबला की अजून उसळून वर येणारा.

"असं का, बाबा?"

"एक बसला, एक नाही बसला," बाबा म्हणाले.

"पण का बसला?"

बाबांनी खिळे तोंडात टाकले. त्या 'का'साठी टाचणी रसायनशास्त्रापर्यंत गेली, आणि शाळेच्या शेवटच्या परीक्षेत साऱ्या शहरात पहिली आली.

मग सगळ्यांनाच तिच्याविषयी मतं फुटली. क्लासच्या सरांनी तिच्या फोटोचा फ्लेक्स छापायला टाकला. त्यात खाली कॉलेजचं नाव घालायला जागा मोकळी सोडली होती आणि तिथे कोणतं नाव यायचं, हे सरांच्या मनात पक्कं होतं. शहराच्या पलीकडच्या टोकाला ते मोठं कॉलेज होतं. त्याचं नाव नुसतं घेतलं तरी लोक सावरून बसत. टाचणीचा तिथे पहिल्याच यादीत नंबर लागला. ते कळल्यावर सर आपल्याच पेढीवर आल्यासारखे दुकानात आले आणि एका उघड्या पडलेल्या खुर्चीच्या पट्ट्यांवर बेतानेच टेकले.

"आता मागे बघायचं नाही, वहिनी," ते म्हणाले. "फी जास्त आहे, कबूल. पण कर्ज मिळतं. दुकान तुमचं स्वतःचं आहे ना? बँकवाले घरी येऊन देतील."

"दुकान आहे म्हणून तर चूल पेटते, सर."

तेवढ्यात आत्या बोलली. ती उशांच्या खोळी न्यायला आली होती आणि विषय निघाल्यावर बूड टेकून बसली होती. "आमच्या पोरानं काढलंच ना कर्ज? त्याच कॉलेजात शिकला. काही बिघडलं?"

"नाही बिघडलं," टाचणी म्हणाली. "म्हणून तर दादा त्या नोकरीला रोज शिव्या घालतो आणि हप्ते फेडायला रोज कामावर जातो. हो ना, आत्या?"

"बघ, बघ कशी टोचते ती!"

"सर, मला एक सांगा. मी पहिली आले. त्याबद्दल ते मला फीमध्ये काय सोडणार?"

सर मोठ्याने हसले. "अगं वेडे, तिथे सगळेच कुठून ना कुठून पहिले आलेले असतात! तिथे कोण कुणाला सूट देणार?"

सर हे अभिमानाने म्हणाले होते. टाचणीने मात्र ते हिशेबात धरलं. जिथे पहिल्यांची रांग लागलेली असते तिथे एका पहिलीला कोण विचारणार? मग जिथे रांग नाही, पण शिकवणारे चांगले आहेत, असं ठिकाण शोधायला हवं. इतकी साधी गोष्ट तिला आजवर कुणीच सांगितली नव्हती, याचा तिला रागही आला.

बाबा फोटो बघून कधीही दुरुस्तीचा भाव सांगत नसत. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, सोफा उलटा करायचा, तळाचं कापड फाडून आत हात घालायचा आणि मग तोंड उघडायचं, ही त्यांची रीत. टाचणीने चांगल्या शिक्षकांची, परवडतील अशी दोन कॉलेजं हुडकली आणि ती स्वतः बघायला निघाली. माहितीपुस्तकं तिने बसमध्येच पिशवीत कोंबून टाकली.

पहिलं कॉलेज काचेचं होतं. तिथल्या कार्यालयाने तिचे गुण पाहताच खुर्ची दिली आणि पूर्ण फी माफ करण्याची तयारीही दाखवली. हे तिला फार आवडलं.

"प्रयोगशाळा बघू का?"

"आहे की, अगदी नवी," शिपाई म्हणाला.

"बघू?"

"चावी साहेबांकडे."

"साहेब कुठे आहेत?"

"रजेवर."

तिने खिडकीच्या काचेला नाक लावलं. आतल्या यंत्रांवर कारखान्यातून आलेलं प्लॅस्टिक अजून तसंच होतं.

दुसरं कॉलेज बसच्या शेवटच्या थांब्याच्याही पुढे, एका जुन्या गोदामात होतं. पाटीवरची अक्षरं पुसट झाली होती. पण प्रयोगशाळेचं दार सताड उघडं होतं आणि आतून जळक्या रबराचा वास येत होता. एक प्राध्यापिका यंत्राखाली रबराचा तुकडा दाबत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तो काटा बघ आणि सांग किती दाखवतोय." टाचणीने सांगितलं. "आता?" तिने पुन्हा सांगितलं. तुकडा दाबायचा, सोडायचा, किती परत येतो ते बघायचं. ही मुलगी आपली विद्यार्थिनी नाही, हे बाईंच्या लक्षात आलं तोवर दुपार कलली होती.

घरी आल्यावर टाचणी एवढंच म्हणाली, "तिथे."

मुलाखतीला पालकांना बोलावलं होतं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, नखांतला गोंद ब्लेडने खरवडून काढला. प्राचार्यबाई शांत आवाजात बोलणाऱ्या होत्या. टाचणीशी त्या बराच वेळ फोमवर बोलल्या, मग बाबांकडे वळल्या.

"फीचं काही अडेल असं वाटतं का तुम्हाला?"

"छे, छे!" बाबा म्हणाले. "अडायचं काय त्यात? आमचं सगळं व्यवस्थित आहे."

टाचणीने बाबांकडे पाहिलं. बाबा ताठ बसले होते, मोठं काम देणाऱ्या बंगल्यात बसत तसे.

आठवड्याने कॉलेजचं उत्तर आलं. फी अर्धी माफ.

राहिलेली अर्धीही कर्जाशिवाय जमणार नव्हती. आईने मशीन थांबवलं. "मुलाखतीत तुम्ही काय बोललात?"

बाबांनी सांगितलं.

"अहो! असं कशाला म्हणालात?"

"मग काय हात पसरायचे? गरज दाखवली की समोरचा भाव पाडतो. एवढी वर्षं धंदा करतोय मी."

"तिथे त्या बाई गिऱ्हाईक नव्हत्या!"

"मग कोण होत्या?"

"गिऱ्हाईक आपण होतो हो! आपल्याला स्वस्तात पाहिजे होतं!"

बाबांच्या हातात हातोडी तशीच राहिली. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाकडे भाव कमी करून मागितला नव्हता. तो कसा मागतात, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

बातमी आत्यापर्यंत जायला वेळ लागला नाही, आणि आत्याकडून सरांपर्यंत. "बघितलंस?" सर फोनवर म्हणाले. "त्या गोदामवाल्यांनीसुद्धा तुला अर्धवटच तोललं. हट्ट सोड. शुक्रवारपर्यंत मोठ्या कॉलेजात जागा पक्की कर. नाहीतर काचेच्या कॉलेजात फुकट जाऊन बस."

"फुकट बसायला आमच्या दुकानात सोफे आहेत, सर," टाचणी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र ती हिशेब मांडत बसली. मोठं कॉलेज घेतलं तर दुकान बँकेकडे गहाण. काचेचं घेतलं तर तिचा प्रश्न त्या प्लॅस्टिकखाली. तिला दुकानही सुटं हवं होतं आणि प्रश्नही. यातलं एक सोडून दुसरं उचल, असं जो तो सांगत होता, आणि दोन्ही का नकोत हे कुणीच सांगत नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती पुन्हा त्या गोदामातल्या कॉलेजात निघाली. बाबा चपला घालून दारात उभे.

"मी येतो."

"या. पण येताना तोंडात खिळे ठेवा."

पडद्यामागून आईचं हसू फुटलं. बाबाही हसले, जरा ओशाळून.

प्राचार्यबाईंनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं. "आमच्याकडे नियम असा आहे," त्या म्हणाल्या, "की अर्धी सवलत गुणांवर आणि अर्धी गरजेवर. तुझे वडील म्हणाले अडचण नाही, म्हणून गरजेची दिली नाही. त्यात काय एवढं? एका कागदावर अडचण लिहून द्या, मी आजच मंजूर करते."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. बाबांनी खिशातलं पेन काढलं. "द्या, लिहितो," ते म्हणाले. हा आवाज टाचणीने कधी ऐकला नव्हता. इतका खालचा.

तिने कागदावर हात ठेवला.

"नको, बाबा."

"अगं, चार ओळी तर आहेत."

"नको." ती बाईंकडे वळली. "बाबा खोटं बोलले नाहीत. आमचं व्यवस्थितच चाललंय, आणि ते तसंच चालावं म्हणून मी इथे आलेय. ती गरजेची अर्धी ज्याचं खरंच अडलंय त्याला द्या. मला पूर्ण सवलत गुणांवर द्या. काचेच्या कॉलेजने दिलीय. त्यांची प्रयोगशाळा कुलपात आहे, तुमची उघडी आहे. म्हणून मी तुमच्याकडे मागतेय."

बाई खुर्चीत मागे रेलल्या. त्यांना राग आला की गंमत वाटली, कळेना.

"गुणांवर पूर्ण सवलत द्यायची तरतूद आहे," त्या म्हणाल्या. "पण ती दिली जात नाही. का, सांगू? तुझ्यासारखी मुलं इथे अर्ज करतात ती फक्त हाताशी एक जागा असावी म्हणून. आम्ही सवलत धरून ठेवतो, ती शेवटच्या दिवशी मोठ्या कॉलेजात निघून जातात, आणि दुसऱ्या कुणाचा तरी घास जातो. तुझाही तिथे नंबर लागलाय ना?"

"लागलाय."

"तो सोडशील?"

टाचणीने फोन काढला. बाईंना वाटलं, ती घरी विचारणार. तिने मोठ्या कॉलेजचं पान उघडलं. प्रवेश सोडल्यास जागा परत मिळणार नाही, असं तिथे लाल अक्षरांत लिहिलं होतं. तिने एकदा बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली, हो की नाही ते त्या क्षणी तिला नीट दिसलंच नाही. तिने बटण दाबलं आणि फोन टेबलावर बाईंच्या समोर ठेवला.

"सोडला."

"अगं!" प्राचार्यबाई ताडकन उठल्या. "मी नुसतं विचारलं होतं! समितीने नाही म्हटलं तर?"

"तर मी काचेच्या कॉलेजात जाईन आणि रोज सकाळी साहेबांच्या दारात उभी राहून चावी मागेन. तेही जमेल मला. पण तुम्ही विचारलंत की सोडशील का, त्याचं उत्तर मी दिलं. आता तुम्ही द्या."

"माझी पंचाईत केलीस तू."

"हो, बाई."

बाबांनी पेन पुन्हा खिशात ठेवलं. प्राचार्यबाई बाहेर गेल्या. शेजारच्या खोलीतून बराच वेळ आवाज येत राहिले. एक पुरुषी आवाज नियम, नियम म्हणत होता. मग रबर दाबणाऱ्या प्राध्यापिकांचा आवाज आला, आणि तो बाकीच्यांपेक्षा मोठा होता. टाचणीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

बाई परतल्या त्या कागद घेऊनच. फी पूर्ण माफ, गुणांवर. खाली अट होती, दर वर्षी पहिल्या श्रेणीत राहायला हवं.

"आणि एखाद्या वर्षी घसरलीस तर?" त्यांनी विचारलं.

"तर भांडायला परत येईन."

"त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही," प्राचार्यबाई म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

सरांनी फ्लेक्स लावलाच नाही. गोदामाच्या कॉलेजचं नाव त्यांना त्या मोकळ्या जागेत घालवेना. आत्याने महिनाभर नाक मुरडून घेतलं, मग दादाच एकदा तिला म्हणाला, "आई, पुरे आता. मलाही तेव्हा असं सुचलं असतं तर बरं झालं असतं."

कॉलेज सुरू होण्याआधीची गोष्ट. एक जुनं गिऱ्हाईक तिघांचा सोफा घेऊन दुकानात आलं. टाचणी पडद्यामागे वह्यांना कव्हरं घालत बसली होती.

"काय हो, मुलगी पहिली आली म्हणे! कुठे घातली?"

बाबांनी कॉलेजचं नाव सांगितलं.

"हे कुठलं? कधी ऐकलं नाही. त्या मोठ्या कॉलेजात नाही मिळालं वाटतं? असू दे, असू दे. नशिबाचा भाग असतो."

गिऱ्हाइकाचं बोलणं खोडून काढायचं नाही, हा बाबांचा जुना नेम होता. टाचणीने हातातली वही खाली ठेवली. पडद्यापलीकडे हातोडीचा आवाज थांबला, आणि वाटीत खिळे पडल्याचा आवाज आला.

"मिळालं होतं," बाबा म्हणाले. "तिनं घेतलं नाही."

गिऱ्हाईक पुढचं ऐकायला थांबलं होतं. बाबांनी सोफा एका बाजूने धरला आणि म्हणाले, "जरा हात लावा. उलटा करून बघू या."