लाल वर्तुळातले काका

आमच्या बाबांना शेजारच्या काकांचं एकही मत कधी पटलं नाही, आणि काकांना बाबांचं. तरी दोघांचं एकमेकांवाचून पान हलायचं नाही. सातपूरच्या कामगार कॉलनीत आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एकच भिंत. इकडे फोडणी दिली की तिकडे ठसका लागायचा. बाबा आणि काका एकाच कारखान्यात, एकाच पाळीत. सायकली बरोबर निघायच्या, बरोबर यायच्या, आणि जाता-येता भांडण चालूच. कारण राजकारण. बाबांचा पेपर एका बाजूचा, काकांचा दुसऱ्या बाजूचा. कुठल्या बाजू ते विचारू नका, आताशा दोन्हींच्या नावानं माझं डोकं उठतं.

सुट्टीच्या सकाळी मात्र बघण्यासारखा थाट असायचा. दोघं आमच्या ओट्यावर मांडी घालून बसायचे आणि पेपरांची अदलाबदल करायचे. नियम त्यांनीच घातलेला: मोठ्यानं वाचायचा तो समोरच्याचा पेपर. आपला नाही. काकांना बाबांच्या पेपरातला अग्रलेख वाचावा लागे, बाबांना काकांच्या. मध्ये हसायचं नाही, ओळ गाळायची नाही, आणि वाचून झाल्यावर त्याच लेखाची बाजू घेऊन दोन वाक्यं तरी बोलायची. आपला पेपर आपणच वाचला की माणूस फुगतो, असं काका म्हणायचे. बाबा वाचताना चेहरा असा करायचे की जणू कारल्याचा रस पितायत. मग आई आतून ओरडायची, "अहो, तोंड सरळ ठेवा! नीट वाचा!" आणि काका खूश. "वहिनी, परत वाचायला लावा याला पहिल्यापास्नं!"

एकदा एका सभेवरून जुंपली. बाबांच्या पेपरात मैदान खचाखच भरलेलं, काकांच्या पेपरात नुसत्या रिकाम्या खुर्च्या. दोघांकडे फोटो. तासभर कचाकचा भांडले. शेवटी काका म्हणाले, "तुझं नको नि माझं नको. परवा त्यांचीच दुसरी सभा हाय, चल जाऊन बघू." गेले की खरंच, सायकली काढून. परत आले ते हसत हसतच. मैदान अर्धं भरलेलं, अर्धं मोकळं. एक फोटोवाला इकडे तोंड करून उभा, दुसरा तिकडे. "दोन्ही लबाड रे!" काका ओट्यावर मांडीवर थाप मारून म्हणाले, आणि आईनं दोघांपुढे चहा आपटला. किती सुखाचे दिवस होते ते!

पुढे दोघं निवृत्त झाले. मग ते साथीचं वर्ष आलं. पेपरला हात लावायची सगळ्यांना भीती, म्हणून दोन्ही घरांनी पेपर बंद केले. ते बंद झाले ते झालेच. मुलांनी घरोघरी मोठे टीव्ही आणून ठेवले, हातात फोन दिले. माझं सासर गंगापूर रोडला, एक दिवसाआड मी बाबांकडे जायची. आई गेल्यापासून ते एकटेच. जाऊन बघावं तर बाबा आपल्या चॅनलसमोर, काका त्यांच्या. भिंतीतून तिकडचा आवाज आला की बाबा इकडचा वाढवायचे. मग तिकडे वाढायचा. मधल्या मध्ये माझे कान फुटायचे. टीव्ही झाला की फोनवर तेच. बाबांच्या ग्रुपात सगळे बाबांसारखे, काकांच्या ग्रुपात सगळे काकांसारखे. मी एकदा म्हटलं, "आता चॅनल बदलून बघा की दोघं, पूर्वीसारखं." बाबा म्हणाले, "त्यांचं ते विष कोण बघणार?" विष! ज्या माणसानं आयुष्यभर काकांचा पेपर मोठ्यानं वाचला, तो हे बोलत होता.

तरी संध्याकाळचा चहा एकत्र व्हायचा. बोलणं आपलं गुडघे, नातवंडं, पाणी कधी येणार. राजकारण आलं की दोघांपैकी एक उठायचा. मी स्वतःचं समाधान करून घ्यायची, की असू दे, निदान बसतात तरी.

मागच्या उन्हाळ्यात कांद्याचा भाव पडला. काकांचं गाव चांदवडकडचं, शेत भाऊ बघतो. महामार्गावर रास्ता रोको ठरला आणि भावानं काकांना बोलावून घेतलं. काका सकाळच्या एसटीनं गेले. दुपारी मी बाबांना जेवायला वाढत होते. टीव्ही चालू होताच, जेवताना बंद करायची आमच्यात पद्धतच उरली नव्हती. चॅनलवर रास्ता रोको दाखवत होते. आणि एकदम चित्र थांबलं. गर्दीतल्या एका माणसाभोवती लाल वर्तुळ आलं. पांढरा सदरा, हातात बिस्किटाचा पुडा, मनगटावर चमकणारं घड्याळ. निवेदक गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता, "नीट बघा! हा शेतकरी? सोन्याचं घड्याळ घालून, बिस्किटं खात आंदोलन? यांना पाठवलं कोणी?"

"अगंबाई!" माझ्या हातातली पळी खाली पडली. "बाबा, आपले काका!"

मला आधी हसूच फुटलं. सोन्याचं कसलं डोंबलाचं! निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं दोघांना सारखंच घड्याळ दिलं होतं, सोनेरी पाणी दिलेलं. पाणी कधीच उडालं होतं, उन्हात पट्टा तेवढा चमकला असणार. आणि तेच घड्याळ ह्या क्षणी बाबांच्याही मनगटावर होतं. मी म्हटलं, "बघा तुमच्या हाताकडे! उद्या तुम्हालाही वर्तुळात घेतील." बाबांनी हाताकडे पाहिलं. मग हात हळूच ताटाच्या आड घेतला आणि म्हणाले, "एवढं मोठं चॅनल. उगाच दाखवेल का?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

तेवढ्यात शेजारून काकू रडत आल्या. त्यांच्या चॅनलवर वेगळंच चाललेलं. तिथं म्हणे लाठीमार झाला होता, माणसं रक्तबंबाळ झाली होती, आणि काका फोन उचलत नव्हते. मी काकूंना आमच्या टीव्हीपुढे आणलं. "हे बघा, काका छान बसलेत, बिस्किटं खातायत." काकूंनी डोळे पुसले आणि वर्तुळातल्या नवऱ्याला हात जोडले. त्यांना निवेदक काय बोलतोय ते ऐकूच आलं नाही, हे बरं झालं.

काका संध्याकाळी आले. काळवंडलेले, पण ठणठणीत. फोनची बॅटरी संपली होती, एवढंच. आमच्याच ओट्यावर टेकले. काकूंनी विचारलं, "लाठीमार कुठं झाला?" काका म्हणाले, "मी होतो तिथं नाय झाला. पुढं कुठं झाला असंल. आपल्या चॅनलनं दाखवलं ना, मग झालाच असंल." घ्या! दिवसभर तिथं बसलेला माणूस, आणि आपल्या डोळ्यांपेक्षा त्याचा चॅनलवर भरवसा. मी कपाळावर हात मारला.

बाबा आतून आले. चहा घ्या नाही, पाणी घ्या नाही. उभ्या उभ्या म्हणाले, "तुला कोणी पाठवलं होतं?"

काकांना थट्टा वाटली. "कोण पाठवणार? एसटीनं पाठवलं!"

"तसं नाही. खरं सांग. कोणी नेलं तुम्हाला सगळ्यांना?"

काकांनी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. हसू येईल म्हणून बराच वेळ वाट पाहिली बिचाऱ्यांनी. हसू आलं नाही. मग ते उठले, चपला घातल्या, आणि जाता जाता एवढंच म्हणाले, "तू विचारतोस हे? तू?"

मी बाबांना खूप बोलले त्या दिवशी. बापाला बोलू नये तेही बोलले. आठवड्याभरात काका-काकू चांदवडला भावाकडे निघून गेले. शेजारच्या दाराला कुलूप लागलं, भिंतीतून येणारा आवाज बंद झाला. बाबांनी आपल्या टीव्हीचा आवाज मात्र कमी केला नाही. आता कोणावर ओरडत होता तो, कोण जाणे.

दिवाळीत मी फराळ घेऊन गेले. बाबा ताटलीत चकली फिरवत बसले. "काकूंच्या हातची नाही या वर्षी," म्हणाले. तेवढंच. पण मला पुरलं. मी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि त्यांच्या हातात कोंबला.

"बोल," काकांचा आवाज आला.

"कसा आहेस?"

"हाय बरा. तुझा खोकला?"

"आहे तसाच. ये की आता इकडं. घर बंद ठेवू नये."

"येतो की. पण आधी सांग, मला कोणी पाठवलं असं तुला अजून वाटतं का रे?"

बाबा अवघडले. "मी काय तिथं होतो? मला काय माहीत?"

"मी होतो ना. मला इचार की."

बाबांनी घसा साफ केला. "बरं. सांग."

काकांनी सांगितलं. भाऊ चल म्हणाला म्हणून गेलो. ऊन लय होतं. सकाळपास्नं पोटात काही नव्हतं, म्हणून बिस्किटं घेतली. कोणी पाठवलं नाय, कोणी आणलं नाय, आमचा कांदा, आम्हीच गेलो. बाबा हं हं करत सगळं ऐकत होते, एकदाही मध्ये बोलले नाहीत. शेवटी काका म्हणाले, "टीव्हीत लय जाडा दिसलो का रे मी?" आणि बाबा खो खो हसले. किती दिवसांनी तो आवाज ऐकला! फोनवर दोन म्हातारे हसतायत आणि मी स्वयंपाकघराच्या दारात पदरानं डोळे पुसतेय. देवा, वाचले रे, असं झालं मला.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "बघा! मी सांगत होते ना? कोणी पाठवलं नव्हतं काकांना."

बाबांनी रिमोट शोधला, टीव्ही लावला.

"हं," ते म्हणाले. "असा त्याचा दावा आहे."