डोळे की बल्ब

आमच्या थोरल्या जाऊबाईंना अख्खी गल्ली ‘व्हॅनवाल्या बाई’ म्हणते. दीर गेले तेव्हा लॉन्ड्रीची व्हॅन विकून टाका, असा सल्ला द्यायला माणसांची रीघ लागली होती. बाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच स्टिअरिंगवर बसल्या. तेव्हापासून रोज पहाटे दवाखान्याच्या आणि लॉजच्या धुतलेल्या चादरी त्याच पोचवतात. प्रत्येक गठ्ठ्याला कापडी पट्टी असते, पट्टीवर नंबर. तो गाडीतल्या दिव्याखाली वाचायचा आणि गठ्ठा उतरवायचा.

परवा घोटाळा झाला. तीन नंबरचा गठ्ठा आठ नंबरला गेला, म्हणजे दवाखान्याचा लॉजवर. लॉजच्या पाहुण्यांना टॉवेलऐवजी ऑपरेशनचे हिरवे गाऊन मिळाले! मला तर हसू आवरेना. पण पुतण्याला आयतंच निमित्त मिळालं.

"आई, तुझे डोळे गेलेत. पुरे झालं आता. विकू गाडी."

माझ्या नवऱ्याने लगेच मान डोलावली. त्याचं काय जातंय मान डोलवायला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"डोळ्यांना काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "बल्ब म्हातारे झालेत. त्या पिवळट उजेडात मांजरालासुद्धा दिसायचं नाही. नवे एलईडी घालते आणि तुमच्यासमोर वाचून दाखवते."

"आणि नाही वाचता आलं तर?"

"तर मी गाडी चालवणार नाही. झालं समाधान?"

एक जुना बल्ब नमुना म्हणून पदरात बांधून त्या दुकानात गेल्या आणि त्याच लांबीचे तीन एलईडी घेऊन आल्या. दोन पुढच्या छतातले, एक मागचा. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच गठ्ठे भरून झाल्यावर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दिव्याचं झाकण उचकटलं, जुना बल्ब काढला, नवा खटकन बसवला. बटण दाबलं. काळोख.

"घ्या! वायरिंगपण गेलं," पुतण्या म्हणाला.

"वहिनी, कशाला जिवाला त्रास," माझ्या नवऱ्याने सूर लावला.

बाई मात्र त्या बल्बकडे डोळे बारीक करून बघत राहिल्या. जुने तारेचे बल्ब कसेही घाला, पेटायचे. वर्षानुवर्षांची तीच सवय हाताला. "ह्या मेल्याला उलटसुलट असतं वाटतं," त्या पुटपुटल्या. बल्ब काढला, टोकं फिरवून परत बसवला, आणि गाडीत असा लख्ख उजेड पडला की आम्ही डोळ्यांवर हातच घेतला. फाटक्या सीटचा टाकान् टाका दिसायला लागला. मी टाळी वाजवली. म्हटलं, आता बसा बोंबलत!

पुतण्याने एक गठ्ठा समोर धरला. बाईंनी पट्टी जवळ घेतली, लांब धरली, पुन्हा जवळ घेतली.

"आठ."

मी वाकून बघितलं. तीन होता.

माझा जीव तुटला हो. "आठच आहे की," असं ठोकून द्यायला मी तोंड उघडलं, तोच त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तीन आहे ना गं?"

"हो, ताई."

त्यांनी पट्टी नीट दुमडून गठ्ठ्यात खोचली. पुतण्याने किल्लीसाठी हात पुढे केला. "मी आजच गिऱ्हाईक बघतो."

"हात खाली कर. मी चालवणार नाही म्हटलं होतं. विकेन असं कधी म्हटलं? डोळे मी आज दाखवून येते. चष्म्याने भागलं तर परत मी आहेच. नाही भागलं तर ही आहे." आणि किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

मला गाडी त्यांनीच शिकवली होती, दुपारी दुपारी, कुणाला कळू न देता. लायसन्स साड्यांच्या घडीखाली पडून होतं. घरात सांगायची माझीच छाती होत नव्हती.

"हिला?" माझा नवरा किंचाळला. "हिला गाडी येते?"

मी किल्ली मुठीत घट्ट धरली. तशीच चढले, सीट पुढे ओढली. बाई पलीकडून येऊन शेजारी बसल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"येते," मी म्हटलं. "बाजूला व्हा. मागे घ्यायचीय."