बंद नळीतली जास्तीची हवा

आमच्या पीएचडीच्या गाइडना आम्ही पाठीमागं 'कुठूनसर' म्हणायचो आणि ते त्यांना माहीत होतं. डब्यात भाजी थोडी जास्त निघाली तरी ते वारज्याला घरी फोन लावायचे. "अगं, आज भाजी वाढली कुठून?" काकू पलीकडून ओरडायच्या, "अहो, शेजारून वाटीभर आली! जेवा आता मुकाट्यानं." "मग बरोबर," म्हणून सर जेवायला लागायचे.

वाहत्या हवेची गणितं संगणकावर सोडवणं हा त्यांचा विषय. नळीचे बारीक कप्पे पाडायचे आणि क्षणाक्षणाला प्रत्येक कप्प्यात किती हवा आली, किती गेली ते पाहायचं. "आलेलं वजा गेलेलं, तेवढंच उरतं. बाकी सगळ्या थापा," हे सरांचं अख्खं तत्त्वज्ञान.

उरलेलं तत्त्वज्ञान मला हडपसरच्या बसस्टॉपवर मिळालं. लोणी काळभोरहून येणारी बस कधी येईल, असं मी शेजारच्या माणसाला विचारलं. सोबत असलेले सर वैतागले. "तो तुझ्यासारखाच इथं उभा आहे, त्याला काय माहीत? बस जिकडून येते, तिकडून आलेल्याला विचार." आणि त्यांनी लोणीकडून येणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याला हात करून थांबवलं. "बस हाय मागं, पण बंद पडलीया," तो म्हणाला. आम्ही रिक्षा केली. कप्प्यांतही तसंच, सर रिक्षात सांगत राहिले. हवा जिकडून येते, तिकडच्या कप्प्यालाच विचारायचं.

प्रबंध द्यायची वेळ आली तेव्हा माझी नोकरी ठरली होती, रुजू व्हायची तारीखसुद्धा. अडचण एकच. शेवटच्या उदाहरणात एका कप्प्यातली हवा शून्याच्याही खाली जात होती. शून्यापेक्षा कमी हवा म्हणजे काय, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मी गुपचूप दोन ओळी घातल्या: खाली गेली, तर उचलून शून्याच्या जरा वर ठेव. आलेख इतका देखणा आला की मी पेढे आणायच्या बेतात होते.

सरांनी आलेखाकडे पाहिलंच नाही. "सुरुवातीला नळीत हवा किती होती? आणि शेवटी?"

शेवटी थोडी जास्त भरली. नळी दोन्ही टोकांना बंद होती.

"मधे तू फुंकर मारलीस का?"

"सर, हे सगळेच करतात."

"सगळे पुलावर उलट्या बाजूनंही येतात."

सही मिळाली नाही. मी जिन्यात बसून रडले आणि मनातल्या मनात सरांचा उद्धार केला. कंपनीकडे मुदत मागावी लागली. ते पत्र मात्र सरांनीच लिहून दिलं. तीन आठवड्यांनी चूक सापडली. हवा टोकाला आपटून परत फिरली, तरी माझा प्रोग्रॅम आपला जुन्याच बाजूला विचारत बसला होता. सरांनी सही केली, आणि प्रोग्रॅममध्ये स्वतःच्या हातानं एक तपासणी घातली. बंद नळीतली एकूण हवा बदलली की काम थांबायचं आणि पडद्यावर यायचं, 'कुठून आणलीस?'

गेल्या वर्षी सर गेले. मी काकूंना भेटायला गेले, तर त्यांनी मला आग्रहानं जेवायला बसवलं. "अंदाजच चुकतो गं," त्या म्हणाल्या. "रोज भाजी उरते, आणि विचारायला कोणी नाही."

परवा ऑफिसात काम ऐन वेळी अडकलं. सरांची ती तपासणी मी इथल्या प्रोग्रॅममध्येही घातली होती. पडद्यावर तोच प्रश्न. मागं उभे असलेले साहेब म्हणाले, "उद्या द्यायचंय. ती ओळ काढून टाक ना."

माझा हात की-बोर्डवर होता. मी तो काढून घेतला.

"शोधते, सर," मी म्हणाले.

साहेबांना वाटलं, मी त्यांनाच म्हणाले.