ओतोसानचे रविवार

आप्पा, मी निघाले त्या दिवशी जळगाव स्टेशनवर तुम्ही माझ्या सासऱ्यांचा फोटो पुन्हा एकदा मागून घेतला होता. गाडी यायला वेळ होता. आई माझ्या पिशवीची गाठ सोडून परत बांधत होती आणि तुम्ही बाकावर बसून मोबाइल डोळ्यांजवळ धरला होता. फोटोत साठी उलटलेले एक जपानी गृहस्थ, कपाळावर केसांचा कोंबड्याच्या तुऱ्यासारखा फुगा, काळं लेदरचं जाकीट, गळ्यात गिटार.

"हे नक्की मुलाचे वडीलच ना?"

"हो आप्पा. रॉकबिली गातात. जुनं अमेरिकन गाणं, बसल्या जागी पाय हलवायला लावणारं."

"बरं. माणूस कसा आहे ते तिथे गेल्यावर कळव."

दर आठवड्याला फोन झाले, पण हे नीट कळवायचं राहूनच गेलं. म्हणून लिहितेय.

हारुकी मला पुण्यातल्या ऑफिसात भेटला, तेव्हा तो फार बोलत नाही हेच मला आवडलं होतं. जपानला, त्याच्या गावी त्सुकुबाला आल्यावर कळलं की घरात तो वडिलांशी तर जवळजवळ बोलतच नाही. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. सासरे, म्हणजे ओतोसान, खालच्या मजल्यावर, आम्ही वर. "उद्या गॅसवाला येणार आहे, त्याला सांग," असं दोघंही मला सांगायचे. माझं जपानी तेव्हा कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, दूध-अंडी आणण्यापुरतं. तरी दोन जपानी माणसांमधले निरोप मीच पोचवत होते. टोकियोत निशी-कसाईच्या भारतीय वस्तीत राहणाऱ्या मैत्रिणींना माझं सासर एकदम फिल्मी वाटायचं. नुसता फोटो बघून मलाही तसंच वाटलं असतं.

वडिलांशी न बोलण्याचं कारण विचारलं तर हारुकी "बघू" म्हणायचा. पुण्यात शिकलेला हा त्याचा आवडता शब्द. शेवटी एकदा त्याने सांगितलं. ओतोसानचं टायरचं दुकान होतं. सहा दिवस दुकान आणि रविवारी गाणं. पण क्लबमध्ये नाही, पैशासाठी तर नाहीच. आईवडील सांभाळू शकत नाहीत अशा मुलांचं एक वसतिगृह गावाबाहेर आहे, तिथे फुकट. शाळेचा क्रीडादिनही रविवारीच असायचा, तेव्हा सगळ्यांचे वडील सतरंजीवर बसून डबा खायचे. हारुकीच्या सतरंजीवर तो आणि आई.

"दुसऱ्यांच्या मुलांचे बाबा व्हायचे ते रविवारी," तो म्हणाला. मी ओतोसानना काही विचारलं नाही. हा निरोप पोचवण्यासारखा नव्हता.

पुढे ओतोसानची नजर कमी झाली आणि त्यांनी स्वतःहून लायसन्स परत केलं. इथे गाडीवाचून पान हलत नाही, आणि बसमधून गिटारचा आवाज मोठा करणारा जड अँप नेता येत नाही. मी नुकतीच गाडी शिकले होते. त्या रविवारी ते जाकीट घालून, केस उभे करून दारात उभे राहिले. मी किल्ली घेतली. तेव्हापासून मी त्यांची ड्रायव्हर. ते गायचे आणि मी मागे मुलांबरोबर टाळ्या वाजवायचे. एक छोटी मुलगी दर वेळी त्यांच्या केसांना हात लावून बघायची. ते गुडघ्यावर बसून लावू द्यायचे.

मग डिसेंबरात आप्पा, तुमच्या खुब्याचं हाड मोडलं आणि मी मिळेल त्या विमानाने जळगावला आले. वसतिगृहातला नाताळचा कार्यक्रम चारच दिवसांवर होता. विमानतळावरून हारुकीला म्हटलं, "ओतोसानना कोण नेणार?"

"बघू."

त्या रविवारी दुपारी मी दवाखान्यात तुमच्या उशाशी बसले होते तेव्हा त्याचा फोन आला. तुम्ही विचारलंत, "काय म्हणतात जावई?" मी "काही नाही" म्हटलं. खरं ते आता सांगते.

त्याने ओतोसानना वसतिगृहाच्या दाराशी सोडलं आणि गाडीतच बसायचं ठरवलं. पण अँप एकट्या ओतोसानना उचलेना. म्हणून तो आत गेला. स्वयंपाकघरातून मोरी-सान बाहेर आल्या. त्या लहानपणी त्याच वसतिगृहात वाढल्या, आता तिथेच स्वयंपाक करतात. त्यांनी त्याला नीट न्याहाळलं.

"तुम्ही हारुकी-कुन का? आम्हाला तुमचा फार राग यायचा."

"माझा?"

"केक कापायची वेळ झाली की तुमचे वडील गिटार पेटीत ठेवायचे. आम्ही हात धरून ठेवायचो. म्हणायचे, सोडा, हारुकी वाट बघतोय."

 एवढं सांगून हारुकी फोनवर म्हणाला, "वाट बघायचो, हे खरं आहे. पण गाडीचा आवाज आला की झोपल्याचं सोंग घ्यायचो. ते दारात उभे राहायचे आणि जायचे." पुढे म्हणाला, "त्या मुलांना मी आवडायचो नाही म्हणे." हे सांगताना तो हसत होता.

त्याने ओतोसानना यातलं काही विचारलं की नाही, मला माहीत नाही. मीही विचारलं नाही.

तुम्ही काठी घेऊन चालायला लागलात तेव्हा मी परत फिरले. नारिता विमानतळावर दोघंही आले होते, वसतिगृहातून थेट. गाडीत पुढे ते दोघं आणि मागे अँपशेजारी मला जेमतेम जागा केलेली. गाडी सुरू झाली आणि भांडण लागलं.

"आवाज इतका मोठा कशाला ठेवता? पुढची मुलं कान झाकतात."

"कान नाही झाकत. माझ्यासारखे केस वर करतात ती!"

"मी बघितलंय."

"तू गाडी बघ."

लग्नानंतर पहिल्यांदाच या दोघांना मी सरळ एकमेकांशी भांडताना ऐकत होते. मध्येच ओतोसान मागे वळून म्हणाले, "तूच सांग याला." मी म्हटलं, "तुम्हीच सांगा, तो शेजारीच बसलाय."

आप्पा, माणूस चांगला आहे. दोघंही चांगले आहेत. आता घर म्हटलं की मला ती गाडी आठवते. मी बूट काढले, पाय पोटाशी घेतले आणि त्यांचा आवाज चढत असतानाच गाढ झोपून गेले.