टकलावरचं अमृत

सत्तरच्या दशकात मी खालापूरकडच्या एका कारखान्यात पगारी वकील होतो. कंपनीचा पगारी वकील म्हणजे घरजावई. जेवण वेळेवर, पण मत कुणी विचारायचं नाही. पित्ताने मी मेटाकुटीला आलो होतो आणि त्याला कारण एक कागद. कारखान्याने डोंगराखालची जमीन घेतली होती. वरच्या ठाकर आदिवासींच्या वाडीतल्या बाया तिच्यातूनच पाण्याला जात. मोठ्या साहेबांना तिथे कुंपण घालायचं होतं. वाडी कोर्टात गेली, आणि ‘या जागेतून कुणाचीही वहिवाट नाही’ असं मी शपथेवर लिहून द्यायचं ठरलं. दिलं तर वाडीचं पाणी तुटणार, नाही दिलं तर माझी नोकरी.

“तुमचं मन अशांत आहे,” साहेब म्हणाले. “ज्याला स्वतःला सावरता येत नाही, तो नेतृत्व काय करणार?”

कुणाचं नेतृत्व, कपाळ! माझ्या हाताखाली एक टायपिस्ट, तोही अर्धा हिशेबखात्याचा. पण साहेबांनी मुंबईहून गुरुजी आणले आणि अधिकाऱ्यांचं ध्यानशिबिर काढलं. हॉलचं भाडं वाचावं म्हणून कुठे? तर त्याच जमिनीवर, आंब्याखाली!

सकाळी आम्ही पोटं सावरत मांड्या घालून बसलो. “जे होतंय ते होऊ द्या,” गुरुजी म्हणाले. “हाकलू नका, धरू नका. नुसते साक्षी व्हा.” साक्षीदार पढवण्यात माझी हयात गेलेली. स्वतः साक्षी व्हायची पाळी पहिल्यांदाच आली.

तेवढ्यात मागून भांड्यांचा आवाज आला. बाया पाणी घेऊन परतत होत्या आणि आम्ही नेमके त्यांच्या वाटेत बसलेलो.

“अगं बया, मेली का काय ही समदी?”

“नाय गं, साहेब लोक हायत. झोपायचा पगार घेतात.”

त्यांना हसू आवरेना. त्या हसण्यात एकीचा हंडा कलला आणि धार थेट मोठ्या साहेबांच्या टकलावर. मी एक डोळा किलकिला करून बघत होतो, खोटं कशाला बोलू! साहेबांनी मात्र डोळे उघडले नाहीत.

शेवटी ज्याचा त्याने अनुभव सांगायचा होता. कुणाला प्रकाश दिसला, कुणाला ओंकार ऐकू आला. साहेब सद्गदित होऊन म्हणाले, “मस्तकावर अमृताची धार पडली!” गुरुजींनी हात जोडले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, नोकरी होती ना.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. “आता मन शांत झालं ना? करा सही.”

कसलं शांत! डोकं असं काही तापलं होतं की तोंडातून निघूनच गेलं, “साहेब, वाडीचा वकील तुम्हालाच पिंजऱ्यात उभं करील. विचारील, त्या सकाळी डोक्यावर काय पडलं? अमृत म्हणालात तर कोर्ट हसेल. पाणी म्हणालात तर वहिवाट सिद्ध झाली. हंडा कुणाचा कलला, ते कर्जतच्या बाजारात पोराटोरांनाही ठाऊक आहे.”

साहेबांचा हात आपसूक टकलाकडे गेला. मग कागद फाडून म्हणाले, “कुंपणाला फाटक ठेवा. कुलूप नको.”

घरी येऊन मी तिखट कालवण दोनदा वाढून घेतलं. पित्त उठलं नाही. साहेब शेवटपर्यंत अमृतच म्हणत राहिले. म्हणेनात का! पुढच्या शिबिरात मात्र ते त्या वाटेपासून चांगले लांब बसले.